एका वर्षाच्या तबकड्या

अमुक एका सालीं निघालेल्या तबकड्यांपैकीं आपणांस सर्वांत प्रिय कोणत्या, याची यादी करण्याचा छंद संगीतप्रेमी मंडळींत सर्व देशीं आढळतो. त्यांतही विसाव्या शतकाच्या आठव्या दशकाअखेरचीं दोनतीन वर्षें या मंडळींच्या विशेष लोभाचीं दिसतात. लंडन-न्यूयॉर्कच्या रसिकांनीं अशी यादी करावी हें ठीकच आहे. दुकानांत जावें, चार तबकड्या ऐकाव्या, एक घ्यावी, अशी त्यांची सोय होती. आमची मिसरूड फुटली ती आटपाडीस. तेथें आवडनिवड करण्यास वाव थोडा. जी तबकडी कोणाच्या तरी हातून गांवांत येई, ती आवडून घ्यावी लागे. तरीही कोणीं आम्हांस साल विचारलेंच, तर आम्ही १९७८ सांगूं.

आटपाडी म्हणजे कहाणींतलें आटपाट नगर नव्हे. सह्याद्रीनें अडविलेल्या पावसाच्या छायेंत पडलेल्या माणदेशांतलें हें गांव. पूर्वीं औंध संस्थानांत होतें, आतां सांगली जिल्ह्यांत आहे. अलीकडे टेंभू योजनेचें पाणी आलें आणि डाळिंबांच्या बागा दिसूं लागल्या, परंतु आम्ही सांगतों त्या काळीं १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी अजून ताज्या होत्या. जमीन पोसत नाहीं म्हणून माणसें बाहेर पडत. खानापूर-आटपाडीकडील कितीएक घरांतले पुरुष गलाईच्या धंद्यासाठीं तामिळनाडू-केरळापासून थेट उत्तरेपर्यंत पसरलेले आहेत. जुने दागिने व मोड आटवून त्यांतलें शुद्ध सोनें-रुपें वेगळें काढणें हें त्यांचें काम. भट्टीची धग आणि तेजाबाची वाफ सोसून हीं माणसें वर्षांतून एकदां, दिवाळीस किंवा गांवच्या जत्रेस, घरीं येत. आमचा चुलतभाऊ त्यांपैकींच. आम्ही त्यास दादा म्हणत असूं. तो कोइमतूरास होता, आणि १९७७ च्या दिवाळींत त्यानें एच्. एम्. व्ही.ची ‘फिएस्टा’ नांवाची पेटी आणली.

या पेटीविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. ती वरून एखाद्या प्रवासी बॅगेसारखी दिसे. तिचें झांकण काढून बाजूस ठेवलें कीं तेंच कर्णा होई. विजेवर चाले आणि सेलवरही चाले. आमच्याकडे विजेचा लहरीपणा मोठा, म्हणून हा दुसरा गुण आम्हांस पहिल्याहून थोर वाटे. सेल उतरूं लागले म्हणजे लताबाईंचा आवाज हळूहळू वसंतराव देशपांड्यांच्या पट्टींत उतरे. माणदेशची धूळ हा तिचा दुसरा शत्रु. प्रत्येक तबकडी वडिलांच्या जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानें पुसावी लागे, तरी खरखर राहीच. पुढें शहरांत निर्मळ यंत्रावर तींच गाणीं ऐकलीं, तेव्हां त्यांत कांहीं उणें आहे असें आम्हांस वाटूं लागलें.

त्याच हिवाळ्यांत, १४ डिसेंबर १९७७ रोजीं, ग. दि. माडगूळकर वारले. त्यांचा जन्म शेटफळ्याचा. त्यांचें माडगुळें आमच्याच तालुक्यांतलें. बाहेरच्या महाराष्ट्राचा कवि गेला असेल. आमच्याकडे घरचें माणूस गेल्याची कळा आली. वडिलांच्या एका स्नेह्याकडे सुधीर फडके यांच्या आवाजांतील गीतरामायणाचा संच होता. तो त्यांनीं महिनाभर आमच्या घरीं ठेवला. १९५५ च्या रामनवमीस पुणें आकाशवाणीवरून सुरू झालेल्या या मालिकेंत छप्पन्न गीतें आहेत, हें आतां शाळकरी मुलांसही ठाऊक असतें. आम्हांस तीं तोंवर रेडिओवरून सुटीं सुटीं कानांवर पडलीं होतीं. आतां तीं क्रमानें ऐकलीं, आणि तीं सगळीं मिळून एक प्रवास आहे, घरून निघालेल्या माणसाचा प्रवास आहे, हें प्रथम ध्यानांत आलें.

वडील तालुक्याच्या कचेरींत कारकून होते. गांव सोडून कोठें जावें असें त्यांच्या मनांत कधीं काळीं असलें, तरी तें त्यांनीं कोणास सांगितलें नाहीं. भरताच्या समजुतीचें गीत संपलें कीं ते स्वतः उठत, सुई उचलून पुन्हां आरंभीं ठेवीत, आणि जागेवर येऊन बसत. दादाची आई, आमच्या काकू, लसूण सोलतां सोलतां ऐकत. एकदां त्या सहज म्हणाल्या, “रामाची चौदा वर्सं तरी मोजलेली हुती.” वडिलांनीं त्या रात्रीं पुढची तबकडी लावली नाहीं.

दुसरी तबकडी आक्काची. जब्बार पटेल यांचा ‘जैत रे जैत’ हा चित्रपट १९७७ चा. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, ना. धों. महानोरांचीं गीतें, हृदयनाथ मंगेशकरांचें संगीत. आमच्या गांवीं हा चित्रपट बराच काळ आला नाहीं. गाणीं आधीं आलीं. म्हणून कर्नाळ्याकडचे ठाकर, त्यांचें मोहळ, त्यांचा डोंगर, हें सर्व आम्हीं केवळ कानांनीं पाहिलें; आणि नंतर पडद्यावर स्मिता पाटील पाहूनही आमची पहिली चिंधी कांहीं पुसली गेली नाहीं. महानोर स्वतः कोरडवाहू मुलखांतले शेतकरी. पावसाविषयीं एवढ्या ओलाव्यानें तोच लिहूं शकतो ज्याला पावसाची खात्री नाहीं. आभाळ अंगावर उतरून येतें असें आशाबाईंचें जें गाणें त्यांत आहे, तें आक्का मृगांत रोज संध्याकाळीं लावी. बाहेर आभाळ कोरडेंठाक, नुसता वारा आणि धूळ. शेजारच्या आजी म्हणत, “लाव बाई, लाव, त्यानं तरी येतोय का बघू.” त्या वर्षीं आमच्या रानावर पाऊस जेमतेम झाला. आक्काचें लग्न ठरलें होतें, मार्गशीर्षांत व्हावयाचें होतें, आणि मुलगा मुंबईस गिरणींत होता. त्या गाण्याच्या वेळीं तिच्याशीं कोणीं बोललेलें तिला खपत नसे. संगीताच्या दृष्टीनें पहिला क्रमांक द्यावयाचा, तर आम्ही आजही याच तबकडीस देऊं. लोकगीताची चाल उचलून तिला शहरी कपडे चढविणारे संगीतकार आपल्याकडे पुष्कळ. येथें चालीनें आपलेच कपडे घातले आहेत. लग्नानंतर आक्का तें तबकडीचें पाकीट लुगड्यांच्या घडींत ठेवून घेऊन गेली.

विलायती तबकड्यांपैकीं ‘ॲबा’ या स्वीडिश चौकडीचा एक गीतसंग्रह दादाच्याच सामानांतून आला. त्यावरून गांवांत एक मौजेचा वाद झाला. राहुलदेव बर्मन यांचीं ‘हम किसीसे कम नहीं’ मधलीं गाणीं १९७७ पासून कर्ण्यांवर गाजत होतीं, आणि त्यांतल्या एका गाण्याची चाल या तबकडींतल्या ‘मामा मिया’शीं फारच जुळती निघाली. आमच्या वर्गांतील एका कडव्या पंचमभक्तानें निकाल दिला कीं, गोऱ्यांनीं आमचा कोहिनूर नेला, आतां चालीही नेल्या! मूळ गाणें १९७५ चें आहे, हें पाकिटावरून दाखविलें तरी त्यानें मानलें नाहीं. आम्हांस मात्र तीं स्वीडिश गाणीं फार नेटकीं वाटलीं. प्रत्येक सूर घासूनपुसून बसविलेला. अति नेटकेपणाचा थोडा कंटाळाही आला, हें खरें. याच वर्षीं पुण्यास पु. ल. देशपांडे यांनीं ब्रेख्तच्या नाटकाचा ‘तीन पैशाचा तमाशा’ केला, आणि त्यांत मुंबईच्या रॉक मंडळींतले नंदू भेंडे मराठींत गायले. आम्हांस तें वर्तमान वृत्तपत्रांतून कळलें, एवढेंच. नाटक आटपाडीपर्यंत कोठून येणार!

१९७८ च्या दिवाळींत दादानें ‘बोनी एम्’ आणला. तबकडीचें नांव ‘नाइटफ्लाइट टु व्हीनस’, त्याच वर्षीं निघालेली. हा मेळा पश्चिम जर्मनींत जमलेला, आणि त्यांतलीं माणसें वेस्ट इंडीजकडील बेटांवरचीं. त्यांतला पुरुषाचा आवाज पडद्यापुढें नाचणाऱ्याचा नसून फ्रँक फारियन या निर्मात्याचाच होता, हें पुढें बाहेर आलें. पण तें आधीं कळतें तरी आमच्या अंगणांतल्या पोरांनीं रास्पुतिनच्या गाण्यावर नाचणें सोडलें नसतें. आमच्या मतें हा माल बाजारी. परंतु त्याच तबकडींत ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलन’ हें एक संथ गाणें आहे, आणि तें निराळें आहे. तें मूळचें जमैकाच्या ‘मेलोडियन्स’चें, १९७० चें, त्याचे शब्द बायबलांतल्या स्तोत्रांवरून घेतलेले. दादास इंग्रजीचा गंध नव्हता. तरी इतर गाण्यांना तो उठून जाई आणि या गाण्यास परत येऊन बसे.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळीं शेजारचे इंग्रजीचे निवृत्त शिक्षक आले होते. दादानें त्यांस गाण्याचा अर्थ विचारला. मास्तरांनीं सावकाश सांगितला: बॅबिलनच्या राजानें यहुदी लोकांस त्यांच्या मुलखांतून धरून नेलें, ते तेथल्या नदीकांठीं बसून आपल्या देशाच्या आठवणीनें रडत आहेत, नेणारे म्हणतात, तुमच्याकडचें एखादें गाणें म्हणून दाखवा, आणि परक्या मातींत आपलें गाणें म्हणावें कसें, असें तीं माणसें विचारतात. दादा बराच वेळ पेटीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “म्हंजी तितल्या नदीला पानी हुतं, मास्तर.”

मास्तर हंसले, काकू आंत गेल्या. दादानें सेल काढून हातानें चोळले, पुन्हां घातले, आणि तेंच गाणें आणखी दोनदां लावलें. दुसऱ्या दिवशीं पहाटेच्या एस्. टी.नें तो मिरजेस गाडी धरण्यासाठीं गेला. तबकडी पेटीवरच राहिली होती.