तरवा

मिनियापोलिसमधला आमचा पहिला हिवाळा. बाहेर गुडघाभर बर्फ असताना, फेब्रुवारीच्या मध्यावर, मी अंड्यांच्या खोक्यांत माती भरून झेंडू आणि झिनिया पेरले. दसऱ्याला घरच्या झेंडूचं तोरण दाराला लागलं पाहिजे, एवढंच मनात होतं.

पाचव्या दिवशी कोंब वर आले तेव्हा मी आईला फोनवरून दाखवले. पण इथला फेब्रुवारीतला उजेड तो केवढा! रोपं काचेकडे माना ताणत वाढली, काटकुळी आणि पांढुरकी झाली. झिनियाला मर लागली. मातीलगत देठ दोऱ्याएवढा बारीक व्हायचा आणि सकाळी रोप आडवं पडलेलं असायचं.

मार्चच्या सुरुवातीला शेजारच्या आजी आमचा डबा परत द्यायला आल्या आणि खिडकीपाशी थांबल्या.

"कधी पेरलंस?"

मी तारीख सांगितली. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली, 15 मेवर बोट ठेवलं आणि तिथून एकेक आठवडा मागे येत गेल्या. इथे मेच्या मध्यापर्यंत रात्री दव गोठण्याची भीती असते, त्याआधी कोवळं रोप बाहेर टिकत नाही. झेंडूला घरात सहा आठवडे पुरे. बोट एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येऊन थांबलं.

मला फार लाज वाटली. मी कोकणातल्या भातशेतीवर वाढलेली. तरवा, म्हणजे वाफ्यातली भाताची रोपं, एकवीस ते पंचवीस दिवसांचा झाला की लावणी व्हायला हवी, हे मला शाळेत जाण्याआधीपासून माहीत. एका वर्षी जुलैत पावसाने दडी मारली आणि तरवा वाफ्यातच म्हातारा झाला. मग लावूनही त्याला फुटवे येईनात. बाबा संध्याकाळी वाफ्यापर्यंत जायचे आणि काही न बोलता परत यायचे. ते पाहिलेलं असूनही मी इथे तेच केलं होतं.

आजींनी खोकी उचलली. "चल, माझ्या तळघरात."

तिथे फळीवर साखळ्यांनी टांगलेल्या ट्यूबलाइट होत्या. आजींनी झेंडूचं एकेक रोप मोठ्या कुंडीत, पहिल्या पानांपर्यंत खोल पुरलं. झेंडूच्या पुरलेल्या देठाला मुळं फुटतात. मग चार बोटांवर दिवा आणून ठेवला. जागा करायला त्यांनी स्वतःचे दोन ट्रे वरच्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीत नेले. त्यांत काय आहे, हे मी विचारलंही नाही.

मेमध्ये रोपं रोज थोडी थोडी बाहेर ठेवायची सवय त्यांनीच लावली. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग वाढवत दहा दिवस. लावल्यानंतरही एका रात्री थंडीचा इशारा आला, तेव्हा दहा वाजता दार वाजलं. आजी जुन्या चादरी घेऊन उभ्या होत्या. आम्ही दोघींनी टॉर्चच्या उजेडात वाफा झाकला.

दसऱ्याला तोरणं दोन झाली. एक आमच्या दाराला, एक त्यांच्या.

पुढे आजी मुलाकडे दुसऱ्या राज्यात गेल्या. जाताना ट्यूबलाइट मला दिल्या. पुढच्या वर्षी मी पहिल्यांदा पेट्यूनिया पेरायला घेतला आणि पाकिटावर वाचलं: घरात दहा ते बारा आठवडे. म्हणजे फेब्रुवारीतच पेरायचा, आणि भरपूर उजेडात ठेवायचा. मग आठवलं, त्या उन्हाळ्यात आजींच्या दारातल्या टांगत्या कुंड्या जुलै उजाडला तरी नुसत्या हिरव्याच होत्या.

मी त्याच संध्याकाळी फोन केला. त्यांना ते ट्रे आठवतच नव्हते. "मागच्या वर्षी तोरण पाठवलं नाहीस," त्या म्हणाल्या. "यंदा झेंडू कधी पेरणार?"

"एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात," मी म्हटलं.