पद्मिनी पुन्हा पुन्हा बंद पडते तेव्हा

मालवणात आमच्या दारात जुनी प्रीमियर पद्मिनी आहे, कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी २०२३ साली रस्त्यावरून गेल्या. आमची मात्र आषाढीपासून छपरीत उभी होती. आता चालू होई आणि अर्ध्या मिनिटात बंद पडे. भाचा म्हणाला, "मामांनू, हिका आता भंगारात घालूया."

म्हाताऱ्या मिस्त्रीने प्लगला हातच लावला नाही. चालू होते म्हणजे ठिणगी आहे, कार्बोरेटरच्या वाटीत उरलेले पेट्रोल संपले की मरते, असे त्याचे म्हणणे. कीर्तनात बुवांचा आवाज बसला की लोक गळ्याला दोष देतात. मी आधी विचारतो, जेवलात का?

विडीवाल्यांना लांब पाठवून त्याने कार्बोरेटरची नळी सोडली, स्टार्टर फिरवला. धार जेमतेम. टाकीचे झाकण सैल केले, फरक नाही. मग पंपाला बाटलीतले पेट्रोल जोडले, तर इंजिन एका लयीत चालले! म्हणजे पंप धड, अडथळा मागे. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर खाऱ्या दमट हवेत गंजली होती, गंजाने वाट बुजवली होती. टाकी उतरवून धुतली. इथेनॉलच्या पेट्रोलाने जुने रबर खराब होते, म्हणून नळ्याही बदलल्या.

घाटात पंप तापून पेट्रोलची वाफ होते, ते दुखणे निराळे; त्यावर ओले फडके पुरते. कार्तिकीला फोंडा घाटाने पंढरपूर गाठायचे आहे. फडके घेतले आहे. भंगारवाल्याला नको म्हणून भाच्याने अजून कळवलेले नाही.