गिझबर्नचे संथ भूकंप

गिझबर्नला लोक जातात ते उगवता सूर्य बघायला. ईस्टरच्या सुट्टीत आम्ही ऑकलंडची तीन कुटुंबंही गेलो. सोबत दोन गाड्या, डबाभर तिखट पुऱ्या आणि कराडहून आलेल्या, एकाच्या आई पण सगळ्यांच्या आजी.

गाव निवांत. पण दर दीड-दोन वर्षांनी इथली जमीन दोनेक सेंटिमीटर पूर्वेला, समुद्राकडे सरकते. भांडं वाजत नाही की कुत्रं भुंकत नाही. २००२ साली जीपीएस यंत्रांनी ही चोरी प्रथम पकडली. हाच संथ भूकंप! एरवीचा भूकंप सेकंदांत उरकतो, तेच काम हा आठवडे लावून करतो.

कारण समुद्राच्या तळाशी आहे. पॅसिफिकचा तळ वर्षाला पाचेक सेंटिमीटर या वेगाने उत्तर बेटाखाली शिरतो आणि तो सपाट नाही, त्यावर विझलेल्या ज्वालामुखींचे डोंगर आहेत. फटीतून गाठीगाठींची गोधडी ओढावी तसे ते आत जातात, वरचा खडक फोडतात, ओला गाळ सोबत नेतात. मग दोन्ही थर सलग चिकटत नाहीत. कुठे अडकतात, कुठे हळूच घसरतात. दक्षिणेला वेलिंग्टनकडे तळ त्यामानाने गुळगुळीत, जाड गाळाने झाकलेला. तिथे थर घट्ट धरून बसलेत. २०१४ साली तर समुद्रतळावर ठेवलेल्या दाबमापकांच्या अगदी खालीच संथ भूकंप झाला!

म्हणजे गिझबर्न निर्धोक का? मुळीच नाही. २६ मार्च १९४७ च्या सकाळी याच समुद्रात सातच्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला. किनाऱ्यावर जाणवला तो हलकासाच. अर्ध्या तासात टाटापौरीला सुमारे दहा मीटर उंच लाट आली. पौआवाचा पूल वाहून गेला. नशिबाने कुणी दगावलं नाही. गाडल्या गेलेल्या डोंगरामुळेच ती घसरण रेंगाळली असावी, असं शास्त्रज्ञ मानतात.

"कोयनेला ६७ साली मांडणी कोसळली तेव्हा कळलं तरी," आजी म्हणाल्या. "इथे कळायचं कसं?"

इथला सरकारी नियम सोपा आहे: हादरा मिनिटभराहून लांबला, किंवा उभं राहणं कठीण झालं, तर भोंग्याची वाट न बघता उंचावर जायचं. लांबला तर, हलका असला तरीसुद्धा!

टाटापौरीला आम्ही घड्याळ लावून मागची टेकडी चढलो. मुलांना चार मिनिटं लागली, आजींना सतरा.

"उद्यापासून माझी खुर्ची इथेच मांडा," आजी म्हणाल्या. "सूर्य इथूनही दिसतो."