व्हॉल्व्ह जसा काढला तसाच राहू द्या

जुन्या रेडिओंची सर्किटे आता संगणकावर नव्याने काढली जातात, आणि काढताना सगळे व्हॉल्व्ह एकाच साच्यात बसवले जातात: एक वर्तुळ, वर प्लेट, मध्ये तुटक रेषांच्या ग्रिड, खाली कॅथोड. कागद स्वच्छ दिसतो, वाचायला सोपा जातो. तरीही मूळ कागद बाजूला सारून हे काम होऊ नये, असे माझे ठाम मत आहे. मर्फीचा ठाण्यातला कारखाना घ्या, फिलिप्स घ्या, नाहीतर बुश आणि नॅशनल एको घ्या. व्हॉल्व्ह काढण्याची रीत कारखान्यागणिक आणि काळागणिक बदलत गेली, आणि त्या फरकात पुष्कळदा सेट कसा चालतो याचीच माहिती असते.

शहापूर-मुरबाडकडच्या रेडिओंच्या बाबतीत हे अधिक खरे आहे. गावठाणात विजेचे खांब आले तरी डोळखांब, टोकावड्यापलीकडच्या पाड्यांवर वीज उशिरा पोचली. वीज नाही तिथे व्हॉल्व्हचा रेडिओ म्हणजे कोरड्या बॅटरीचा रेडिओ: फिलामेंटसाठी दीड व्होल्ट, प्लेटसाठी बहुधा 90 व्होल्ट. यात डीके 91, डीएफ 91, डीएएफ 91 आणि शेवटी आवाजासाठी डीएल 94 अशी चौकडी नेहमीची. या व्हॉल्व्हना वेगळा कॅथोड नसतो. तापणारी तारच इलेक्ट्रॉन सोडते, म्हणून चित्रात खाली फक्त फिलामेंट असते. आता डीएल 94 पाहा. त्याचे फिलामेंट दोन अर्ध्यांचे असते आणि मधला जोड पाच नंबरच्या पिनवर येतो. एक आणि सात या पिना एकत्र करून त्या आणि पाच यांच्यामध्ये वीज दिली, तर 1.4 व्होल्टवर 100 मिलीअँपियर लागतात. एक आणि सात यांच्यामध्येच दिली, तर 2.8 व्होल्ट आणि 50 मिलीअँपियर. चांगल्या आरेखकाने हा मधला जोड दाखवलेला असतो. नव्या साच्यात त्याचे सरळ दोन टोकांचे फिलामेंट झाले, की शिकणारा मुलगा दीड व्होल्ट एक आणि सातवर लावतो. प्रत्येक अर्ध्याला निम्माच दाब मिळतो, आवाज मरतो, आणि चांगला व्हॉल्व्ह 'गेला' म्हणून फेकला जातो. असे व्हॉल्व्ह आता बनत नाहीत, त्यामुळे हे नुकसान भरून येत नाही.

घरच्या विजेवर चालणाऱ्या, ट्रान्सफॉर्मर नसलेल्या सेटमध्येही हेच दिसते. यूसीएच 81, यूबीएफ 89, यूएल 84, यूवाय 85 या मालिकेत प्रत्येक हीटरला 100 मिलीअँपियर लागतात आणि सगळे हीटर एकामागे एक जोडलेले असतात. त्यामुळे जुन्या सर्किटात हीटर व्हॉल्व्हच्या वर्तुळात नसतात. ते कागदाच्या खालच्या कडेला वेगळ्या साखळीत काढलेले असतात. ही जागा वाचवण्याची युक्ती नव्हे. साखळीत कोण पुढे, कोण मागे हे ठरवून केलेले असते: रेक्टिफायर विजेच्या टोकाला आणि डिटेक्टरचा व्हॉल्व्ह चॅसिसच्या टोकाला, कारण तिथे गुणगुण सगळ्यात लवकर शिरते. हीटर उचलून आपापल्या वर्तुळात ठेवले आणि साखळीचा क्रम सांगितला नाही, तर हे सारे पुसले जाते.

यावर एक आक्षेप वाजवी आहे. चिन्हांसाठी मानक आहे, भारतीय मानक संस्थेचे 2032 क्रमांकाचे मानक त्याच कामाचे होते, मग नव्या पिढीने दहा रीती का शिकाव्यात? नवे काही रचताना मानकच वापरावे, त्याबद्दल वाद नाही. आणि प्रत्येक फरक मोलाचा असतो, असेही मी म्हणत नाही. ग्रिड नागमोडी काढली की तुटक रेषेने, याने जोडणीत काहीच बदलत नाही. फार तर कागदाचे वय कळते, कारण नागमोडी ग्रिड ही जुनी रीत. दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे: जुने आरेखकही चुकत. 6व्ही6 हा बीम टेट्रोड, त्यात तिसऱ्या ग्रिडच्या जागी किरण वळवणाऱ्या पट्ट्या असतात, पण कित्येक कागदांवर तो सरळ पेंटोड म्हणून काढलेला सापडतो. ईएल 84 मध्ये तिसरी ग्रिड आतच कॅथोडला जोडलेली, तर ईएफ 80 मध्ये ती नऊ नंबरच्या पिनवर स्वतंत्र येते. हा भेदही सगळे दाखवत नाहीत. पिनांचे नंबर असले की चित्र कसेही चालेल, हे म्हणणे इथे अडते, कारण अनेक कागदांवर पिनांचे नंबरच नसतात. चूक असेल तर ती मीटर लावून ताडावी आणि शेजारी टीप लिहावी. मूळ चित्र मात्र दुरुस्तीच्या नावाखाली बदलू नये, नाहीतर आरेखकाची चूक कोणती आणि नक्कल करणाऱ्याची कोणती, हे नंतर कोणालाच सांगता येणार नाही.

शहापूर, मुरबाड, सरळगाव, धसई, खर्डी इकडे माळ्यावर असा रेडिओ पडून असेल, तर मागचा पत्रा किंवा पुठ्ठा काढून पाहा. आत सर्किट चिकटवलेले असेल, तर ते उपटू नका, जाग्यावरच सरळ उजेडात त्याचा फोटो घ्या, आणि कोणी नव्याने काढून देत असेल तर मूळ फोटोही सोबत ठेवण्याचा आग्रह धरा.