यंत्राची साक्ष

मनुष्यास ताप आला म्हणजे वैद्य नाडी पाहतो. मोटारीस विकार जडला म्हणजे कारागीर आजकाल तिला स्कॅनर नावाचे लहानसे उपकरण जोडतो. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूस असलेल्या सोळा टोकांच्या खोबणीत ते बसविले, की गाडीतील संगणकाने टिपून ठेवलेला दोष सांकेतिक आकड्यांत उमटतो. अमेरिकेत १९९६ पासून विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारींस ही व्यवस्था सक्तीची झाली. आपल्याकडे ती २०१० नंतर टप्प्याटप्प्याने आली. संकेताच्या आरंभी ‘पी’ हे अक्षर असल्यास दोष इंजिन वा गिअरच्या बाजूचा समजावा.

गेल्या पावसाळ्यात आम्ही भाड्याच्या मोटारीने इंदूरहून गौतमपुऱ्यास निघालो होतो. गाव जवळ येताच मोटारीतील पिवळा दिवा लागला व इंजिन थरथरू लागले. गाडी चालकाच्या स्वतःच्या मालकीची. तिच्या कर्जाचे हप्ते अजून चालू होते. गावातील गॅरेजात स्कॅनर लावताच ‘पी ०१७१’ हा संकेत उमटला. त्याचा अर्थ, मिश्रणात इंधन कमी व हवा अधिक. तरुण कारागिराने तत्काळ ऑक्सिजन सेन्सर बदलण्यास सांगितले. किंमत ऐकून चालकाचा चेहरा उतरला. आठवड्याची कमाई त्यात जाणार होती.

इतक्यात वृद्ध उस्ताद उठले. त्यांनी इंजिन चालू ठेवून कान दिला व रबरी नळ्यांवरून बोट फिरविले. एक नळी वाकणाशी चिरली होती आणि तेथून मोजणीबाहेरची हवा आत शिरत होती. नळी बदलली, थरथर थांबली. मगच त्यांनी संकेत पुसला.

सेन्सर खरे तेच सांगत होता. परंतु साक्षीदारासच आरोपी ठरविले जात होते. संकेत म्हणजे निकाल नव्हे, साक्ष होय. चिरलेली नळी, मळलेला हवामापक सेन्सर, दुबळा इंधनपंप, यांपैकी कोणत्याही कारणाने हाच आकडा उमटू शकतो. शोध मनुष्यानेच घ्यावयाचा असतो.

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांचा चरितार्थ गाडीवर चालतो. तेव्हा दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. संकेत पुसण्यापूर्वी तो कागदावर लिहून घ्यावा; दुरुस्तीवाचून पुसल्यास दोष तसाच राहतो आणि त्यासोबत नोंदलेली इंजिनाची स्थिती मात्र नाहीशी होते. दुसरे असे, की तो दिवा सारखा लुकलुकू लागल्यास गाडी पुढे दामटू नये. जळाल्यावाचून राहिलेले इंधन धूर शुद्ध करणारा महागडा भाग निकामी करू शकते. खर्चाचा भाग बदलण्यास संमती देण्यापूर्वी कारागिरास नम्रपणे एवढेच विचारावे: हा भाग बिघडला आहे, हे आपण तपासून पाहिले का?