दादांचे हँडल

साठी उलटल्यावर माणसाने काय काय सोडावे, याविषयी आमच्या घरात फारसा मतभेद नाही. आम्ही सायकल सोडावी, हे तर जवळजवळ सर्वानुमते ठरले होते. निमित्त आमच्या हातांनीच पुरविले. पुण्याहून खडकवासल्यापर्यंत जाऊन आलो, की करंगळी व अनामिका तासभर बधिर राहत. ताकाची वाटीसुद्धा हातातून निसटे.

सायकल आमच्या वडील बंधूंची. खाली वळलेल्या शिंगांसारखे हँडल असलेली ही शर्यतीची सायकल दादांनी १९८४ साली हौसेने घेतली होती. ते गेल्यावर ती आमच्याकडे आली आणि तिच्यावर त्यांच्यासारखेच ओणवे होऊन बसणे हा आम्ही जणू कुळाचार मानला. दादा आमच्याहून चार बोटे उंच होते, ही गोष्ट मात्र आम्ही सोयीस्करपणे विसरलो.

पुतण्याने एके दिवशी टेप लावून मोजमाप घेतले. म्हणाला, "काका, दोष वयाचा नाही, मापाचा आहे." हँडलाला चिमट्याच्या नळीशी जोडणाऱ्या तुकड्यास स्टेम म्हणतात. आमचा स्टेम १२० मिलिमीटर लांबीचा. तेवढे पुढे वाकल्याने धडाचा भार तळहातांवर येई आणि करंगळीच्या बाजूने जाणारा मज्जातंतू तेथे दाबला जाई. हँडलही ३८ सेंटिमीटर रुंदीचे, आमचे खांदे ४२. स्टेम ८० मिलिमीटरांचा व थोडा उंच घ्यावा, हँडल खांद्यांच्या मापाचे घ्यावे, असा त्याने निवाडा दिला.

स्टेमचे आम्ही कबूल केले. हँडलाला मात्र मन होईना. जेथे दादांचे हात वर्षानुवर्षे विसावले, ती वस्तू भंगारात कशी टाकावी? पुतण्या परगावी गेल्याची संधी साधून आम्ही नवा स्टेम आणला आणि जुने हँडल स्वहस्ते त्यात बसविले. पेच आवळला, हलवून पाहिले, पक्के वाटले.

तिसऱ्या दिवशी खडकवासल्याहून परतताना चाक खड्ड्यात आदळले आणि हँडल एकाएकी खाली फिरले. ब्रेकच्या मुठी हातांखालून गेल्या. आम्ही रस्त्यावर, मागे मोटार! तिचा चालक सावध होता, म्हणूनच गुडघा फुटण्यावर निभावले.

परत आलेल्या पुतण्याने न बोलता व्हर्नियर लावून दाखविला. हँडलाच्या मध्याचा व्यास २५.४ मिलिमीटर, स्टेमच्या पकडीचा २६. फरक सहा दशांशांचा. तांदळाच्या दाण्याची जाडीही याहून अधिक! पण पेच कितीही आवळला तरी अशी पकड खरी बसत नाही. शिवाय जुन्या अ‍ॅल्युमिनियमवर आता खोल ओरखडा उठला होता, आणि हा धातू मोडण्यापूर्वी पुष्कळदा सूचना देत नाही.

तरीही आम्ही घुटमळत होतो. तेव्हा इतके दिवस गप्प असलेल्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ते हँडल तरी मूळचे कुठे आहे? पन्नाशीत मान दुखू लागली तेव्हा त्यांनीच बदलून घेतले होते. तुम्हांला सांगू नकोस म्हणाले. धाकटा हसेल म्हणून."

यावर आम्हांस बोलावयास काहीच उरले नाही. ज्यांच्या ताठ्याची आम्ही नक्कल करीत होतो, त्यांनी तो केव्हाच सोडला होता. आणि तो आमच्याच धाकाने लपविला होता!

पुढल्या रविवारी अंगणात शस्त्रक्रिया झाली. २६ मिलिमीटरचेच, ४२ सेंटिमीटर रुंदीचे हँडल आले. स्टेमवर एक मर्यादेची रेषा असते. ती नळीबाहेर दिसेल इतका तो वर ओढला, तर तो सुटण्याचे वा मोडण्याचे भय. पुतण्याने ती रेषा आम्हांस दोनदा दाखविली. हँडल उंचावल्याने ब्रेकच्या तारा आखूड पडल्या, त्याही बदलल्या. फीत टोकाकडून मध्याकडे गुंडाळली, म्हणजे हातांच्या घासण्याने ती उलगडत नाही.

आता खडकवासल्याहून परतल्यावर वाटी हातात राहते. पाठ पूर्वीइतकी वाकत नाही, आणि रस्त्याच्या दोहों बाजूंची झाडे प्रथमच नीट दिसतात.

जुने हँडल आम्ही भंगारासाठी दाराशी ठेविले होते. सायंकाळी पाहतो तो तेथे नाही. वहिनींच्या खोलीवरून जाताना दिसले: ते स्वच्छ पुसून, जुन्या पातळात गुंडाळून त्या ट्रंकेत ठेवीत होत्या. आम्ही पाऊल न वाजविता पुढे गेलो.