दूर्वांचं मैदान

दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला गेलात, तर सकाळीच चर्चगेटजवळच्या ओव्हल मैदानावर एक चक्कर माराच. एका बाजूला राजाबाई टॉवर नि हायकोर्ट, समोर 2018 साली जागतिक वारसा ठरलेल्या इमारती, आणि मध्ये क्रिकेटच क्रिकेट!

आमचा धाकटा मात्र गवतावर पाय टाकीना. गेल्या वर्षी आमच्या गावच्या मैदानावर तणनाशक मारलं, पाटी कुणी लावली नाही, मुलं त्याच दिवशी लोळली. आठवडाभर पोटऱ्यांवर पुरळ!

कडेला एक आजोबा बसले होते. पूर्वी एका क्लबात माळीकाम करीत. धीर करून विचारलंच.

"अहो बाई, ही हरळी म्हणजे तुमच्या गणपतीच्या दूर्वाच. पाणी पहाटे द्यावं. संध्याकाळी दिलं तर पाती रात्रभर ओली राहतात, बुरशी धरते. एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापू नये. खेळून जमीन घट्ट झाली की भोकं पाडायची, मुळांना हवा लागते. युरिया जास्त झाला की पातं लुसलुशीत, रोगाला आयतंच! लव्हाळा मात्र गाठीसकट खणायचा."

"आणि औषध?"

"लागतं की कधीमधी. पण डागापुरतंच, अन् त्या दिवशी खेळ बंद."

धाकट्यानं हळूच चपला काढल्या. मी आधी वाकून गवताचा वास घेतला, खोटं कशाला सांगू!